तारीख कळवा, आम्ही येतो: भूमी अभिलेख विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: नोकरीनिमित्त बाहेरगावी राहणाऱ्या खातेदारांच्या वडिलोपार्जित जमिनीची मोजणी

महोदय,
स.न.वि.वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात माझ्या वडिलांची जमीन आहे. थोडी भाताची खाचरं, वर काजूची वरकस (डोंगरउताराची जमीन) आणि जुन्या घरामागे आंब्याचा तुकडा. वडील गेल्यावर सातबारावर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. भाऊ मस्कतला असतो. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आई कधी माझ्याकडे, कधी गावी. हद्द वडिलांना पाठ होती आणि आम्हाला ती कागदावरून शोधावी लागते आहे. कोकणात अशी घरं वाडीवाडीत सापडतील, म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच: आपल्या विभागाची मोजणीची पद्धत खातेदार गावातच राहतो असं धरून चालते. अर्ज, नोटीस, मोजणीचा दिवस, हद्दीचे दगड, हरकत, सगळ्याच्या मागे हे गृहीत आहे. आणि आमच्याकडे निम्म्या घरांना कुलूप असतं.

कायदाही तेच धरून चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 140 प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकाची. ठीक आहे, तसंच असायला हवं. पण खूण आहे कुठे हेच कळलं नाही, तर सांभाळायचं काय?

बाहेर राहणाऱ्यांना सातबारा हातात आला की जमीन हातात आल्यासारखं वाटतं. 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर येतो. ही सोय खरोखर चांगली आहे, एके काळी याच कागदासाठी रजा टाकून तलाठ्याची वाट बघत बसावं लागे. पण सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. त्यावर 0.38.00 असं लिहिलेलं असतं. ते 38 आर कुठल्या झाडापासून कुठल्या पऱ्यापर्यंत (ओहोळापर्यंत), याचा त्यात मागमूस नसतो. महाभूनकाशावर, म्हणजे जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावर गेलं तर मूळ सर्व्हे नंबरचा आकार दिसतो, आमच्या हिस्स्याची रेघ त्यात नाही. म्हणजे सातबारा हिस्स्याचा वेगळा आणि नकाशा मात्र अख्ख्या नंबरचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तो नकाशा मोबाइलवर उघडून, उपग्रहाच्या चित्राशी ताडून, शेजाऱ्याला थेट वकिलाची नोटीस धाडली होती. असं करू नये हे सांगणारी एक ओळ त्या संकेतस्थळावर ठळक टाकली, तरी पुष्कळ भाऊबंदक्या वाचतील.

खरी हद्द असते ती तालुक्याच्या कार्यालयातल्या कपाटात. गाव नकाशा, टिपण, गुणाकार (क्षेत्राचा हिशोब), आकारफोड (हिस्स्यांवर साऱ्याची वाटणी), फाळणी (हिस्से पाडतानाची मोजणी). हे शब्द मला वडील गेल्यावर कळले आणि एकेक कागद मिळवताना पाठ झाले. बाहेरगावच्या माणसाची अडचण अशी, की कोणता कागद मागायचा हे माहीत असल्याशिवाय तो मिळत नाही, आणि तो पाहिल्याशिवाय कोणता मागायला हवा होता हे कळत नाही. माझ्या अर्जावर ‘नेमका अभिलेख नमूद करावा’ असा शेरा मारून तो परत आला. ते कार्यालय कुठलं हे इथे लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा यात फारसा दोष नाही.

टिपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ते हातात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमाराला इंदापूरपासून जी भूमापनाची पद्धत बसवली, तिचाच हा वारसा. शेताचं हातानं काढलेलं चित्र, प्रमाणात नसलेलं. मधून एक पायारेषा आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना काढलेले लंब, प्रत्येकाशेजारी बारीक आकडे. मापं साखळी आणि आण्यांत. साखळी म्हणजे 33 फूट, तिचे 16 आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पूर्वेच्या बाजूला, जी मूळ सर्व्हे नंबरचीच हद्द आहे, ‘3 साखळी 11 आणे’ असं एक माप होतं. कॅल्क्युलेटरवर केलं तर ते साधारण 121 फूट 8 इंच भरतं, म्हणजे 37 मीटरांच्या किंचित वर.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कारखान्यात मी दिवसभर मापंच घेते. तिथे कुठल्याही मापाबरोबर दोन गोष्टी लिहाव्या लागतात: माप कशाने घेतलं आणि त्यात किती इकडेतिकडे चालेल. त्याशिवाय माप ग्राह्य धरत नाहीत. आण्याचं माप म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. माझ्या टिपणावरचे सगळे आकडे पूर्ण आण्यांत आहेत. ज्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उतारावर, झाडोऱ्यातून साखळी ओढली, त्याने आण्याच्या खालचं काही लिहिलेलंच नाही. आज त्याच रेघेवर रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरून जागा मोजणारं यंत्र, उभा राहतो आणि सेंटिमीटरमध्ये बिंदू देतो. लोकांना वाटतं, उपग्रहाने सांगितलं म्हणजे हद्द सेंटिमीटरपर्यंत पक्की. रोव्हर अचूक आहेच, पण तो ज्या अभिलेखावरून रेघ बसवतो तो अभिलेख आण्यांत बोलतो. आमच्याकडे दीड फुटाच्या पट्टीवरून दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत. ती दीड फूट टिपणाच्या मापात मावून जाते, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही.

म्हणून पहिली मागणी. क प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर आमच्या हाती येणाऱ्या नकाशावर, हद्दीची रेघ कोणत्या अभिलेखावरून बसवली ते स्पष्ट लिहा: टिपण, फाळणी की आणखी काही. शक्य असेल तर त्या अभिलेखाची प्रतही सोबत जोडा. आणि किती फरक अभिलेखाच्या मर्यादेत धरायचा याचं एक वाक्य छापा. आपल्या अधिकाऱ्यांना हे रोजचं आहे. खातेदाराला मात्र क प्रत म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं आणि तो तीच घेऊन कोर्टात जातो.

मोजणीच्या दिवसाविषयी तर एक वेगळं पत्र होईल. डिसेंबर 2024 पासून मोजणीचे प्रकार कमी करून नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवले, ते बरं झालं. पूर्वीच्या साधी, तातडी, अति तातडी या उतरंडीत सामान्य माणूस गोंधळून जायचा. ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमितला 2,000 आणि द्रुतगतीला 8,000 रुपये. पैशाची तक्रार नाही. अडतं ते तारखेवर. तारीख मिळते, रजा मंजूर होते, मस्कतहून भाऊ येतो, आई काठी टेकत बांधावर जाऊन बसते आणि सकाळी फोन येतो की भूकरमापकांना (मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) दुसरं शासकीय काम लागलं, पुढची तारीख कळवू. शासकीय काम लागणार, त्याला इलाज नाही. पण ते लागलं हे आदल्या संध्याकाळी त्यांना माहीत असतं. आपल्या प्रणालीत अर्जदाराचा मोबाइल नंबर असतो, लगतच्या खातेदारांचेही नंबर घेता येतील. तारीख बदलली की त्याच क्षणी सगळ्यांना एसएमएस जावा. आणि एकदा अशी तारीख हुकली, तर पुढची ठरवताना अर्जदाराला दोन-तीन पर्याय विचारावेत. गॅसच्या सिलिंडरला जेवढी विचारपूस होते तेवढी आमच्या हद्दीला मिळाली तरी चालेल.

याच्या आतली एक गोष्ट पुण्यात बसून लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. चाकरमानी गावाला हमखास येतो तो गणपतीला. तेव्हा खाचरात भात उभं असतं, गडग्यावर (दगडी कुंपणावर) वेल चढलेले, वरकसात गवत कमरेएवढं. त्या दिवसांत मोजणी होऊच शकत नाही. मोजणीला योग्य काळ शिमग्याच्या आसपासचा आणि नंतरचा मे महिना. भात कापलेलं, गवत वाळलेलं, जुना चिऱ्याचा गडगा पार खालपर्यंत दिसतो. शिमग्याला पालखीसाठी माणसं येतातच, मेमध्ये पोरांना सुट्टी असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांपुरतं तरी या दिवसांत जादा भूकरमापक द्या, आणि बाहेरगावच्या खातेदारांना या काळातली तारीख मागण्याची सोय अर्जातच ठेवा. माणसं आपणहून गावात असतात तेव्हा मोजणी लावायची, एवढंच. फार मोठी मागणी नाही.

नोटिशीचा घोळ याहून जुना आहे. मोजणीआधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि त्यांची नावं-पत्ते अर्जदारानेच द्यायचे असतात. माझ्या उत्तरेच्या सातबारावर अजून एका मयत माणसाचं नाव आहे, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या एका नावामागे विरार, कल्याण आणि दुबईत पांगलेली बरीच माणसं आहेत. मी पत्ता दिला तो गावच्या घराचा, दुसरा मला माहीतच नव्हता. पाकीट ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत गेलं. मोजणीच्या दिवशी त्यांच्यातले एकजण उभे राहिले आणि म्हणाले, “मला नोटीसच आली नाही.” ते खोटं बोलत नव्हते. ज्याच्या नावे नोटीस निघाली तो माणूस कधीच निवर्तला होता.

2025 मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. आमच्याकडे तिचा उपयोग झाला, पण जे गावात होते किंवा ज्यांना कुणी फोन करून सांगितलं त्यांनाच. या मोहिमेला आपल्या विभागाने एक गोष्ट जोडावी असं मनापासून वाटतं. वारस नोंदवताना प्रत्येक वारसाचा सध्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर घ्या आणि पुढच्या सगळ्या नोटिसा तिथे पाठवा. आणि त्याच वेळी, घरात हद्द माहीत असलेलं जे कुणी म्हातारं माणूस असेल, त्याच्याकडून चतुःसीमा लिहून घ्या. पूर्वेला अमुक गडगा, दक्षिणेला कातळाची कड, पश्चिमेला पऱ्या. कायद्याने त्याला पुराव्याचं वजन येणार नाही, मला कल्पना आहे. पण भूकरमापक आला तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल. आज ही माहिती माणसाबरोबर स्मशानात जाते आणि आपण रोव्हर विकत घेतो.

माझ्या नावाचंही थोडं. सातबारावर माझं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलीचा हक्क पक्का केला, पण नोटीस देणाऱ्या माणसाला कागदावरची ती मी कोण हे ओळखता येत नाही. मोजणीच्या दिवशी मी माझंच ओळखपत्र दाखवत होते आणि जबाब लिहून घेणाऱ्याला दोन नावांची एक बाई पटत नव्हती. शेवटी आईने सांगितलं, तेव्हा पटलं. सातबाराला एक साधी जागा जोडा, ‘अन्य नाव’ म्हणून. नात्यातले एक काका मला म्हणाले, “अगं, तुला कशाला हवीत दगडं? तू काय इथे नांदायला येणार आहेस?” काकांशी मी वाद घातला नाही. पण हाच प्रश्न सरकारी कागदही विचारतो तेव्हा राग येतो.

शेवटी मोजणी झाली, तीही सांगते. भूकरमापक तरुण होता, अंगावर कामाचा ढीग असूनही नीट वागला. आंब्याखाली रोव्हरला सिग्नल धरवेना. दाट पानोळ्याखाली तसं होतं. तो उघड्यावर जायचा, दोन बिंदू घ्यायचा, परत यायचा. शेवटी ईटीएस मशीन (उपग्रहाशिवाय अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) लावून ती बाजू पुरी केली. रेघ आमच्या गडग्यापासून थोडी आत आली. म्हणजे आजोबांनी चिरे लावताना शेजाऱ्याची चिंचोळी पट्टी घेतली होती, की शेजाऱ्याच्या आजोबांनी राजीखुशीने दिली होती, हे सांगायला दोघांपैकी कुणी नाही. क प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि वहिवाट दोन वेगळ्या रेघांनी दाखवली आहे. खुणांवर चुना टाकला. पहिल्या पावसात चुना गेला.

दगड अर्जदाराने आणून ठेवायचे असतात हे मला त्या दिवशी कळलं. मजूर आणि दगड दोन्ही जागेवर नव्हते, म्हणून तिथे फक्त चुना पडला. मोजणीच्या नोटिशीबरोबरच एक कागद द्या: काय आणून ठेवायचं, कुणाला हजर ठेवायचं, हरकत असेल तर ती लेखी कशी द्यायची, निमताना मोजणी (पहिली मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) कधी मागता येते आणि अतिक्रमण निघालं तर ते भूकरमापक काढून देत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. हे शेवटचं तर खूपच लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं सरकारी माणूस आला म्हणजे शेजाऱ्याचं कुंपण मागे सरकणार.

दुसरं म्हणजे अक्षांश-रेखांश. नव्या ई-मोजणीत नकाशा अक्षांश-रेखांशांसह देण्याची सोय आहे असं ऐकून होते. माझ्या प्रतीवर ते नव्हते. हद्दीच्या कोपऱ्याकोपऱ्याला ते छापले गेलेच पाहिजेत. दगड हलतो, गडगा पडतो, रस्ता रुंद करताना जेसीबी सगळंच घेऊन जातो. आकडे राहिले तर पुढच्या वेळी कुणीही परवानाधारक यंत्र घेऊन तोच कोपरा पुन्हा काढेल. माझ्या भावाच्या मुलांना हद्द कळायला दुसरा मार्ग उरणार नाही, ती गावात वाढलेली नाहीत.

हे पत्र आमची माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. वारस नोंद लांबवू नका. कलम 149 प्रमाणे वारसाहक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. सलोखा योजना बघा. तुमची जमीन शेजाऱ्याच्या आणि शेजाऱ्याची तुमच्या वहिवाटीत किमान 12 वर्षं असेल, तर 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. वकिलाच्या पहिल्या भेटीलाच याहून जास्त लागतात. आणि “आम्ही बाहेर असतो, कोण काय करणार” म्हणून निवांत राहू नका. परक्याने उघडपणे, तुमचा हक्क नाकारून 12 वर्षं कब्जा ठेवला, तर मुदतीच्या कायद्याने दावाच बुडू शकतो. सहहिस्सेदाराच्या कब्जाचं गणित वेगळं असतं. ते वकिलाकडून समजून घ्या, नाक्यावरच्या जाणकाराकडून नको.

महोदय, वरच्या मागण्यांपैकी बहुतेकांना कायदा बदलावा लागत नाही. एसएमएस, नोटिशीसोबतचा कागद, क प्रतीवरच्या दोन ओळी, वारसाचा खरा पत्ता. आपल्या एका परिपत्रकाने हे होईल. शिमगा आणि मे महिन्याच्या जादा मनुष्यबळासाठी मंत्रालयात जावं लागेल, त्याचीही शिफारस आपणच करू शकता.

शेजाऱ्यांच्या घरच्यांशी मी बोलले आहे. पट्टी कुणी कुणाला द्यायची ते नंतर बघू, पण आहे ती रेघ दगडांनी पक्की करायला दोन्हीकडची तयारी आहे. त्यासाठी मोजणीचा नवा अर्ज करते आहे. दगड या वेळी आधीच आणून ठेवते. तारीख शिमग्याच्या आसपासची मिळावी आणि बदलली तर आदल्या दिवशी कळावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक सहखातेदार
सध्या मुक्काम चाकण